बुडबुड्यात काय असतं?

चहाचं आधण ठेवलं की पातेल्यात दोन तऱ्हेचे बुडबुडे दिसतात. आधी येतात ते बारीक, कडेला आणि तळाला चिकटून बसलेले. पाणी नुसतं कोमट झालं तरी दिसतात. मग पाणी खळखळायला लागलं की तळातून मोठाले बुडबुडे उसळून वर येतात आणि फुटतात. या दुसऱ्या, मोठ्या बुडबुड्यांत काय असतं? घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याला आजच विचारा. मग शेजारच्या एखाद्या शिकल्यासवरल्या मोठ्या माणसालाही विचारा.

न्यूझीलंडमधल्या रॉजर ऑसबोर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह या संशोधकांनी हाच प्रश्न मुलांपुढे ठेवला आणि १९८३ साली त्यावर एक शोधनिबंध लिहिला. मुलं म्हणाली, बुडबुड्यात हवा आहे. कुणी म्हणालं, उष्णता आहे. मोठ्या वर्गांतल्या, पाण्याचं रासायनिक सूत्र पाठ असलेल्या बऱ्याच मुलांनी सांगितलं, ऑक्सिजन आणि हायड्रोजन आहे. म्हणजे शाळा वाढली तसं उत्तर जास्त शास्त्रीय वाटायला लागलं, पण बरोबर झालं नाही.

बारीक बुडबुड्यांत खरोखरच हवा असते. ती पाण्यात विरघळलेली असते, आणि पाणी तापलं की तिला तिथे तेवढी जागा राहत नाही, म्हणून ती बाहेर पडते. मोठ्या बुडबुड्यांचं तसं नाही. उष्णता ही बुडबुड्यात भरून ठेवण्याची वस्तू नव्हे. आणि पाण्याचा रेणू तोडून ऑक्सिजन-हायड्रोजन वेगळे करणं शेगडीच्या आचेच्या आवाक्यातलं काम नाही. त्या मोठ्या बुडबुड्यात पाणीच असतं. वायुरूपातलं, डोळ्यांना अजिबात न दिसणारं पाणी, आणि त्याच्या चहूबाजूंना द्रवरूप पाणी. पाण्यात पाण्याचे बुडबुडे! हे वाक्य मी कितीदा तरी मुलांना सांगितलं असेल, आणि दर वेळी ते सांगताना मला स्वतःलाच नवल वाटतं.

आपल्याकडे हा विषय बहुधा तीन रकान्यांच्या तक्त्याने सुरू होतो. स्थायू, द्रव, वायू. पहिल्या रकान्यात दगड, लाकूड, खुर्ची, दुसऱ्यात पाणी, दूध, तेल, तिसऱ्यात हवा. मूल तक्ता उतरवून घेतं, पाठ करतं आणि मनाशी एक समजूत पक्की करतं की दगड हा जन्माचा स्थायू आणि पाणी हे जन्माचं द्रव. खरी गंमत तिथेच हरवते. अवस्था ही पदार्थाला कायमची चिकटलेली नसते. किती उष्णता आहे आणि किती दाब आहे, यावर ती त्या त्या वेळी ठरते. हे समजायला कोकणातल्या महाड-पोलादपूरसारखा मुलूख शोधून सापडायचा नाही. इथे कारखाने आहेत, घाट आहे, गरम पाण्याचे झरे आहेत, सावित्री नदी आहे, आणि एके काळी वितळलेला असलेला सह्याद्री आहे.

कारखान्यांपासूनच बघू. बिरवाडी, जिते, आसनपोई या महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या अंगाखांद्यावरच्या गावांतल्या कित्येक मुलांचे आई-बाबा, काका-मामा पाळ्यांमध्ये कामाला जातात. रसायनांचा कारखाना बाहेरून गूढ वाटतो, पण आत दिवसरात्र जे चालतं त्यातलं बरंचसं काम अवस्था बदलण्याचंच असतं. पावडर द्रावकात विरघळवायची, रिॲक्टरमध्ये तापवायची, निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून पुन्हा द्रव करून घ्यायची, द्रावण गार करून त्यातून स्फटिक पाडायचे, ते सेंट्रीफ्यूजमध्ये पिळून काढायचे, ड्रायरमध्ये सुकवायचे, आणि पुन्हा पावडर पिशवीत. पहिल्या पाळीहून परतलेल्या बाबांनी जेवताना हे मुलाला सांगितलं, तर उत्कलन, संघनन, स्फटिकीभवन हे शब्द परीक्षेपुरते राहणार नाहीत. त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांगता येईल. विरघळणं निराळं आणि वितळणं निराळं. साखर चहात विरघळते तेव्हा तिला पाणी लागतं. कढईत पाकाविना तापवलेली साखर पाण्याशिवाय ओघळते, ती उष्णतेने. मुलं या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात, आणि मोठी माणसंही.

आता वसाहतीच्या आकाशाकडे बघा. डिसेंबरातल्या सकाळी कूलिंग टॉवरवर पांढरे लोट उभे असतात. बघणारा म्हणतो, केवढा धूर! आणखी शहाणा म्हणतो, वाफ आहे. दोघांचंही पुरतं बरोबर नाही. पाण्याची खरी वाफ दिसत नाही. जे पांढरं दिसतं ते वाफेपासून पुन्हा तयार झालेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात. म्हणजे तो लोट वायू नाही, हवेत तरंगणारं द्रव आहे. आकाशातला ढगही तसाच. शाळेच्या तक्त्यात ढग वायूच्या रकान्यात लिहिणाऱ्या मुलाला आपण बरोबरची खूण करतो. ती करू नये.

याची खात्री घरी करता येते. कुकरची शिट्टी होते तेव्हा लांब उभं राहून नीट बघा. पांढरा फवारा थेट छिद्रातून निघत नाही. छिद्राच्या तोंडाशी थोडं अंतर रिकामं दिसतं, आणि पांढरं त्याच्या वर सुरू होतं. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत खरी वाफ आहे, आणि सगळ्यात जास्त भाजवणारी जागा तीच आहे. वाफेच्या पाइपाजवळ काम करणाऱ्या माणसांना हे ठाऊक असतं. जास्त दाबाच्या वाफेची गळती नुसती आवाजाने कळते, तिथे डोळ्यांवर विसंबून हात घालायचा नसतो.

धूर आणि पाण्याचा लोट ओळखायलाही मुलांना शिकवता येतं. पाण्याचा लोट थोडं अंतर जाऊन हवेत विरतो, कारण ते थेंब पुन्हा अदृश्य वाफ होऊन जातात. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तो टॉवरजवळच संपतो, थंड दमट सकाळी लांबवर जातो. धुरात मात्र काजळीचे, राखेचे घन कण असतात. ते असे विरून जात नाहीत, धूसर पट्टा होऊन वाऱ्याबरोबर लांब जातात. शाळेच्या गच्चीवरून महिनाभर रोज ठरावीक वेळी वसाहतीचं आकाश बघून वहीत नोंद करायची, लोटाची लांबी आणि त्या दिवशीची थंडी-ऊन शेजारी शेजारी लिहायचं. एवढं केलं तर चौथीचं मूलही हवामानशास्त्राच्या दाराशी उभं राहील, आणि त्याला एक पैसाही खर्च येणार नाही.

उष्णतेचं झालं, आता दाबाचं बघू. घरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो असं आपण म्हणतो, पण हलवला तर आत डुचमळतं ते द्रव असतं. त्यातला ब्युटेन साध्या हवेच्या दाबाला शून्याच्या जरा खालीच उकळतो, आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. म्हणजे महाडच्या उन्हाळ्यात सोडाच, पोलादपूरच्या ऐन थंडीतही त्यांनी वायूच असायला हवं. त्यांना द्रव करून ठेवलंय ते नुसत्या दाबाने. शेगडीची कळ फिरवली की वरचा दाब थोडा उतरतो, आतलं द्रव थोडं उकळतं आणि तेवढाच वायू बाहेर येतो. एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू होतो, म्हणूनच महिनाभराचं जळण एवढ्याशा टाकीत मावतं. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या शेगड्या तासन्‌तास चालतात तेव्हा सिलिंडरचा खालचा भाग गार पडून त्यावर दव धरतं. उकळण्यासाठी लागणारी उष्णता ते द्रव स्वतःच्याच अंगातून आणि पत्र्यातून ओढून घेतं. दवाची रेघ जिथे संपते, साधारण तिथपर्यंत आत द्रव उरलेलं असतं.

दाबाने वायूचं द्रव होतं हे माणसाला कळलं त्याची गोष्ट मुलांना फार आवडते. १८२३ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे बंद काचनळीत क्लोरीनचे पाणी धरलेले स्फटिक तापवत होता. डॉ. पॅरिस नावाचे एक ओळखीचे गृहस्थ प्रयोगशाळेत आले, नळीच्या आत तेलकट काहीतरी दिसतंय म्हणून त्यांनी अस्वच्छ भांडी वापरल्याबद्दल त्याला चिडवलं. फॅरडेने नळी फोडली तर स्फोट होऊन तेल नाहीसं झालं आणि क्लोरीनचा उग्र वास भरला. ते तेल म्हणजेच द्रवरूप क्लोरीन होता. नळीत कोंडलेल्या वायूने स्वतःच्याच दाबाखाली रूप बदललं होतं. दुसऱ्या दिवशी फॅरडेने पॅरिसना चिठ्ठी पाठवून हे कळवलं. आज पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात तो क्लोरीन अशाच द्रवरूपात, जाड पोलादी टाक्यांत भरून, महामार्गावरून ये-जा करत असतो.

आणि दाब कमी झाला तर? त्यासाठी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीत बसावं. पायथ्याशी घेतलेलं वेफर्सचं पाकीट चढणीबरोबर फुगत जातं आणि वर पोचेपर्यंत टम्म होतं. आत कुणी हवा भरली नाही. बाहेरच्या हवेचा दाब साडेतेराशे मीटर उंचीवर सुमारे १५ टक्क्यांनी उतरलेला असतो, म्हणून आतली हवा पसरते. त्याच कारणाने महाबळेश्वरात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. खळखळ तीच, पण चटका कमी, म्हणून उघड्या भांड्यातला भात शिजायला वेळ जास्त. पाणी १०० अंशांना उकळतं हे वाक्य समुद्रकाठचं आहे. महाडात ते जवळजवळ खरं आहे, घाट चढला की नाही.

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाच्या गावी गरम पाण्याचे झरे आहेत. कोकणात असे झरे रांगेने सापडतात. इथे ज्वालामुखी जागा नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या अंगच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांनी वर येतं. आत, खोलवर, वरच्या दाबामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहू शकतं. तिथे जाल तेव्हा मुलांना हा एवढा विचार करायला लावा.

एवढं बघून झाल्यावरच कणांची गोष्ट काढावी. वर्गात मुलांनाच कण करता येतं. बाकांवर दाटीने बसून जागच्या जागी हलायचं, ते स्थायू. बाकं सोडून एकमेकांना खेटून वर्गभर सरकत राहायचं, ते द्रव. घंटा झाल्यावर मैदानभर पळायचं, ते वायू. खेळ छान आहे आणि मुलं तो विसरत नाहीत, पण त्यात एक खड्डा आहे. मैदानावर दोन मुलांच्या मधे काय असतं? हवा. म्हणून मुलं समजतात की वायूच्या दोन कणांच्या मधेही हवाच असते. इस्रायलमधल्या नोव्हिक आणि नुसबाउम यांनी मुलांच्या मनातली ही समजूत शोधून काढली होती. खरं उत्तर असं की मधे काहीच नसतं. पाण्याची १०० अंशांना वाफ झाली की ती सतराशेपट जागा व्यापते, याचा अर्थ कणांमधलं अंतर सरासरी बारापट वाढतं आणि ती सगळी वाढ रिकामी असते. ‘काहीच नाही’ ही कल्पना लहान मुलाला पेलते का, असं काही जण विचारतात. माझ्या मते ती मोठ्यांपेक्षा त्यांनाच जास्त सहज पेलते.

कण किती लहान, हे सांगायला महाडात एक ओंजळ आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ओंजळीत साधारण १०० मिलिलिटर पाणी मावतं असं धरू. त्यात पाण्याचे रेणू होते तीनावर २४ शून्यं दिली तर जो आकडा येईल त्याहूनही काही जास्त. शरीरात गेलेलं पाणी शरीरात राहत नाही. घामातून, श्वासातून ते हवेत जातं. हवेतली वाफ साधारण आठ-दहा दिवसांत पाऊस किंवा दव होऊन खाली येते. मग नदी, खाडी, समुद्र, पुन्हा ढग. ती ओंजळ जगातल्या सगळ्या समुद्रांत सारखी मिसळली असं समजून हिशेब केला, तर समुद्राच्या प्रत्येक लिटरमध्ये तिचे सुमारे अडीच हजार रेणू येतील. समुद्र पुरता ढवळून निघायला शंभर वर्षं पुरत नाहीत हे खरं, आणि पाण्याचे रेणू हायड्रोजनची आपसात अदलाबदलही करत असतात. तरीही हा आकडा मुलांना फळ्यावर काढून दाखवावा. बाणकोटच्या खाडीपासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत कुठूनही एक लिटर पाणी उचला. हा गुणाकार-भागाकार सातवीच्या मुलाला जमतो, आणि महाडच्या मुलाला तो करावासा वाटतो.

आता दगडाकडे वळू, कारण तक्त्यातला सगळ्यात भक्कम स्थायू तोच. महाडजवळच्या गांधारपाल्याची लेणी ज्या काळ्या कातळात खोदली आहेत, रायगड ज्याचा आहे, तो कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवरून डायनोसॉर संपले त्याच काळाच्या आसपास, जमिनीला भेगा पडून हजार-अकराशे अंश तापलेला लाव्हा बाहेर आला आणि पसरला. एक थर निवाला की पुन्हा दुसरा, असे थरावर थर. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हे थर. या थरांच्या गटांना भूवैज्ञानिकांनी दिलेली नावं ऐकून पोलादपूरच्या मुलाची छाती फुगायला हवी: एका गटाचं नाव पोलादपूर, त्याच्या वरच्याचं आंबेनळी, त्याच्या वरच्याचं महाबळेश्वर. जगात कुठल्याही विद्यापीठात दख्खनच्या लाव्ह्यावर बोलणारा माणूस ही नावं घेतो, कारण घाट चढताना हे गट याच क्रमाने भेटतात.

एका थरातला दगड हातात घ्या. पुष्कळ दगडांना भोकं दिसतील, काही गोल, काही लांबट. ती किड्यांनी किंवा पाण्याने पाडलेली नाहीत. लाव्हा खोल दाबाखाली होता तेव्हा त्यात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू विरघळलेले होते. वर येताना दाब उतरला, वायू सुटले आणि बुडबुडे होऊन वर चढू लागले. तेवढ्यात लाव्ह्याच्या पाठीवर, दुधावर साय धरावी तशी, थंड कवच धरलं आणि बुडबुडे वाटेतच अडकले. म्हणून एकेका थराच्या वरच्या भागात भोकं जास्त असतात. भोकं लांबट असतील तर त्या जागी लाव्हा वाहत होता आणि त्याने बुडबुडे ओढले. एका मुठीत मावणाऱ्या दगडात द्रव होतं, त्यात वायू होता, आणि आज स्थायू आहे. पुढे लाखो वर्षं भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याने कित्येक भोकांत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक भरले. महाराष्ट्रातल्या दगडखाणींत सापडणारे झिओलाइटचे हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

म्हणजे हा डोंगर एकदा वाहिलेला आहे. तो पुन्हाही वाहतो, न वितळता.

हे समजायला आधी पावडरीचा प्रश्न सोडवावा लागतो. पीठ, रांगोळी, तांदूळ ओतता येतात, डब्याचा आकार घेतात. मग ते द्रव का नाहीत? मुलं इथे अडखळतात आणि त्यांचं अडखळणं रास्त आहे. उत्तर त्यांनाच शोधू द्यावं. पाटावर पाणी ओतलं तर पसरतं, रांगोळी ओतली तर ढीग होतो. ढिगाला ठरावीक उतार येतो. त्याहून उभा करायला गेलं की कण घसरून पुन्हा तोच उतार. प्रत्येक कण स्थायू आहे आणि शेजारच्या कणाशी घासून तो ढीग तोलून धरतो. थोडं पाणी शिंपडलं तर कण एकमेकांना धरतात आणि उभी भिंतही राहते, वाळूचा किल्ला बांधतात तो याच जोरावर. पाणी वाढवत नेलं की एका क्षणी किल्ला बसतो आणि वाहू लागतो. आता कणांच्या मधल्या सगळ्या जागा पाण्याने भरल्या, पाणी कणांना एकमेकांपासून रेटू लागलं, घर्षण सुटलं. कण अजूनही स्थायूच आहेत, पण राशीचं वागणं द्रवाचं झालं.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही त्याच दिवसांत दरडी आल्या. महाड शहर पुरात बुडालं. त्या वेळी महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीएवढ्या जागेवर एका दिवसात साडेपाच हजार लिटर. घाटाच्या उतारावर कातळाच्या वर मातीचा आणि झिजलेल्या दगडाचा जाड थर असतो. तो इतकं पाणी प्यायला की त्याचं वजन वाढतं आणि कणांची पकड सुटते. २००५ च्या जुलैमध्ये जुई आणि दासगावला हेच झालं होतं. या गावांतल्या मुलांना स्थायू आणि द्रव शिकवताना वाळूचा किल्ला ओला करून दाखवायचाच, आणि पुढचं वाक्यही बोलायचं: उतारावर नवी भेग पडली, झाडं-खांब कलले, नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, तर ते घरी आणि गावात लगेच सांगायचं. लहान मुलांना घाबरवू नये म्हणून हे टाळणारे शिक्षक मला भेटले आहेत. त्यांची काळजी मला समजते, पण मुलांना भीती आधीच माहीत आहे. कारण माहीत नाही, आणि ते सांगणं आपलं काम आहे.

वायूचंही तसंच. वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या मुलांना रात्री येणारा वास ओळखीचा असतो. वास म्हणजे काय, हे त्यांना सांगावं: त्या पदार्थाचे कण खरोखरच नाकात आलेले असतात. खोलीतल्या हवेचे कण सेकंदाला सुमारे पाचशे मीटर वेगाने पळतात, तरी अगरबत्तीचा वास पलीकडच्या खोलीत पोचायला वेळ लागतो, कारण प्रत्येक कण क्षणोक्षणी दुसऱ्यांवर आदळून दिशा बदलत राहतो. लांबचा वास आपल्यापर्यंत आणतो तो मुख्यतः वारा. आणि सगळे वायू वर जात नाहीत. अमोनिया हवेपेक्षा हलका. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो सखल जागी साचतो. स्वयंपाकाचा गॅसही जड, म्हणून गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो. भोपाळच्या कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीत होतं ते मिथाइल आयसोसायनेट नावाचं द्रव, उकळण्याचा बिंदू फक्त ३९ अंश. त्यात पाणी शिरलं, रासायनिक क्रिया होऊन टाकी तापली, द्रव उकळलं, आणि हवेच्या दुप्पट जड असलेला तो वायू झोपलेल्या वस्त्यांवर जमिनीलगत पसरला.

कारखान्यांच्या छपरांवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लावलेली असते, विंडसॉक म्हणतात ती. वसाहतीजवळच्या प्रत्येक मुलाला ती वाचता आली पाहिजे. भोंगा झाला किंवा उग्र वास आला, तर वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, वायू मागून येतो. वाऱ्याला आडवं निघून चढावर जायचं, नाका-तोंडाला ओलं कापड लावायचं, खड्ड्यात-ओढ्यात उतरायचं नाही. महाड आणि पोलादपूरच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: तीन रकान्यांचा तक्ता धड्याच्या शेवटी काढा, आणि त्याआधी एक तास मुलांना मैदानावर नेऊन वारा कुठून येतो ते ओळखायला शिकवा.